मुंबईत बसून कसिनो अफिलिएट: प्रोग्रॅम विश्वासार्ह आहे हे कशावरून ठरवायचं?

रिव्ह्यूवाला_पार्ले

नमस्कार मंडळी. माझी इंग्रजी रिव्ह्यू साइट आहे. आतापर्यंत होस्टिंग आणि सॉफ्टवेअरचं अफिलिएट काम (लिंकवरून ग्राहक पाठवून कमिशन मिळवणं) केलं, आता ऑनलाइन कसिनोचा विभाग सुरू करायचा विचार आहे. वाचक मुख्यतः ब्रिटनचे, नंतर कॅनडा (त्यातही ओंटारिओ) आणि जर्मनी. भारतातूनही बरेच लोक येतात, त्यांना मी मुद्दाम आणत नाही.

सध्या दोन प्रस्ताव आहेत. पहिला टेलिग्रामवरून आला: ५० टक्के रेव्हशेअर (मी पाठवलेल्या खेळाडूंवर होणाऱ्या कमाईत वाटा), आयुष्यभर, पेमेंट यूएसडीटी या डॉलरशी बांधलेल्या क्रिप्टोमध्ये, परवाना क्युरासाओ या कॅरिबियन बेटाचा. दुसरा ३० टक्के रेव्हशेअर देतो, परवाना ब्रिटनचा, पैसे बँकेत. त्यांचा अर्जच इतका लांबलचक आहे की कंटाळा यावा.

मला तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. कसिनो खरा आणि पैसे देणारा आहे हे बाहेरून कसं ओळखायचं? करारात नेमकं काय वाचायचं? आणि भारतीय वाचकांचं काय करायचं?

कलम_आणि_पोटकलम

तुमचा तिसरा प्रश्न आधी घेते. त्याचं उत्तर चुकलं तर बाकीच्या दोन प्रश्नांना अर्थ उरत नाही.

ऑनलाइन गेमिंगविषयीचा केंद्राचा कायदा ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने मंजूर केला आणि २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा जुना वाद या कायद्यात संपवला आहे. पैसे भरून पैसे जिंकायच्या आशेने खेळला जाणारा कुठलाही ऑनलाइन खेळ त्यात येतो. मुंबईच्याच ड्रीम इलेव्हनने त्याच आठवड्यात पैशांच्या स्पर्धा बंद केल्या, ते यामुळेच.

अफिलिएटसाठी महत्त्वाचं आहे ते कलम ६, म्हणजे जाहिरातीचं. असा खेळ खेळायला थेट किंवा आडमार्गाने प्रवृत्त करणारी जाहिरात करणं, करवून घेणं, त्यात मदत करणं किंवा सहभागी होणं, हे सगळं त्यात आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, ५० लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर आकडे आणखी वाढतात. कमिशन लिंक असलेलं रिव्ह्यू पान म्हणजे जाहिरातच. ‘मी फक्त माहिती देतो’ हा बचाव ट्रॅकिंग कोड असलेल्या लिंकपुढे टिकणार नाही.

म्हणून भारतीय वाचकाला एकही कसिनो लिंक दिसता कामा नये. पानाखाली ‘भारतीयांसाठी नाही’ अशी ओळ टाकून भागत नाही. आयपीवरून देश ओळखून सर्व्हरवरच अडवा: भारतातून आलेल्याला तो विभाग उघडूच नये, लिंक पुढे ढकलणाऱ्या पत्त्यावरही तीच तपासणी असावी, आणि साइटमॅपमध्ये भारतासाठीची पानं नसावीत. रुपयातले आकडे, यूपीआयचा उल्लेख, हिंदी-मराठी कीवर्ड, दिवाळीच्या ऑफर, यातलं काहीही नको. टेलिग्राम किंवा व्हॉट्सअॅप चॅनल तर नकोच, कारण तिथे देशानुसार अडवता येत नाही.

आता अवघड भाग. तुम्ही स्वतः मुंबईत आहात. कलम ६ मध्ये ‘कोणत्याही व्यक्तीला’ प्रवृत्त करणं असे शब्द आहेत, ती व्यक्ती भारतातच असावी असं तिथे लिहिलेलं नाही. परदेशी वाचक आणि परदेशात कायदेशीर असलेला कसिनो अशा मांडणीत बचावाचे मुद्दे आहेत, पण ते मुद्दे आहेत, परवानगी नव्हे. कायद्याला आव्हान देणाऱ्या याचिका सुप्रीम कोर्टाकडे वर्ग झाल्या म्हणून सूट मिळाली असंही समजू नका. एकही लिंक लावण्याआधी गेमिंग आणि फेमा (परकीय चलनाचा कायदा) दोन्ही समजणाऱ्या वकिलाचं लेखी मत घ्या. त्याला तुमच्या पानांचे नमुने, कराराचा मसुदा आणि पैसा कोणत्या मार्गाने येणार याचा कागद द्या. तोंडी ‘काही होत नाही हो’ हे मत नव्हे. आणि लेखी मत प्रतिकूल आलं तर हा विभाग करू नका. होस्टिंगचं कमिशन कमी असेल, पण त्यासाठी कोणी दारात येत नाही.

नियामक_आधी

वरचं सगळं पटतं. वकिलाचं मत अनुकूल येईल असं धरून पुढचं लिहितो.

बहुतेक जण कसिनो चांगला की वाईट असा प्रश्न विचारतात. खरा प्रश्न असा की माझा वाचक ज्या देशात आहे, त्या देशाचा नियामक या कसिनोची मानगूट धरू शकतो का? धरू शकत असेल तर वाचकाचे पैसे अडकल्यावर दाद मागायला जागा आहे. नसेल तर कसिनो कितीही चकचकीत असो, पैसे देणं न देणं त्याच्या मर्जीवर.

ब्रिटनपासून सुरू करा. कसिनोच्या पानाच्या तळाशी कंपनीचं नाव आणि परवान्याचा खाते क्रमांक असतो. तिथून क्लिक करू नका. यूके गॅम्बलिंग कमिशनची साइट स्वतः उघडा, सार्वजनिक नोंदवहीत तो क्रमांक टाका आणि चार गोष्टी जुळवा. परवाना चालू आहे का. तो दूरस्थ, म्हणजे ऑनलाइन, कसिनोचा आहे का, कारण फक्त बेटिंगचा परवाना असलेल्या कंपन्याही असतात. ट्रेडिंग नावांत हा ब्रँड आहे का. आणि डोमेनच्या यादीत हेच डोमेन आहे का. नकली साइट खऱ्या कंपनीचा तळ जसाच्या तसा उचलतात, कंपनी खरी, क्रमांक खरा, फक्त डोमेन यादीत नसतं. फसवणूक पकडली जाते ती बहुतेक वेळा या चौथ्या पायरीवर.

त्याच नोंदवहीत नियामकाने केलेली कारवाईही दिसते. दंड झालाय म्हणून कंपनी लगेच बाद करू नका. ब्रिटनमध्ये मोठमोठ्या कंपन्यांना दंड झालेत: ऑगस्ट २०२२ मध्ये एन्टेनला १ कोटी ७० लाख पौंड, मार्च २०२३ मध्ये विल्यम हिल समूहाला १ कोटी ९२ लाख पौंड. दंड कशासाठी झाला ते वाचा. मनी लाँडरिंग तपासणीत किंवा खेळाडूची काळजी घेण्यात ढिलाई होती आणि नंतर सुधारणा झाली, ही एक गोष्ट. खेळाडूंचे पैसेच दिले नाहीत, ही वेगळी.

नोंदवही न उघडताही काही खुणा कळतात. ब्रिटनमध्ये १४ एप्रिल २०२० पासून क्रेडिट कार्डाने जुगाराला बंदी आहे. ब्रिटिश खेळाडूकडून क्रेडिट कार्ड घेणारा कसिनो तिथल्या परवान्याखाली चालतच नाही. गॅमस्टॉप ही तिथली स्वतःला खेळापासून बंद करून घ्यायची योजना सर्व परवानाधारक ऑनलाइन कंपन्यांना सक्तीची आहे. ऑनलाइन स्लॉटवर एका फिरकीला कमाल ५ पौंड आणि १८ ते २४ वयाच्यांना २ पौंड ही मर्यादा २०२५ पासून लागू आहे. आणि जानेवारी २०२६ पासून बोनसची वेजरिंग अट (पैसे काढण्याआधी बोनसच्या किती पट खेळायचं) १० पटींपेक्षा जास्त ठेवता येत नाही. ‘ब्रिटिश खेळाडूंचे स्वागत, ४० पट वेजरिंग’ असं कुठे दिसलं तर पुढे वाचायची गरज नाही.

माल्टाच्या परवान्यात शिक्क्यावर क्लिक केल्यावर माल्टा गेमिंग ऑथॉरिटीच्या स्वतःच्या डोमेनवरचं पान उघडायला हवं. नुसतं चित्र उघडलं किंवा कसिनोच्याच साइटवरचं पान आलं तर शिक्का खोटा. मात्र माल्टाचा परवाना म्हणजे सगळ्या युरोपचा पास नाही. तुमचे जर्मन वाचक माल्टाच्या परवान्यावर पाठवता येणार नाहीत, त्यांना जर्मन परवानाच लागतो. शिवाय जर्मनीच्या २०२१ च्या करारात इंटरनेटवरच्या अफिलिएट लिंकसाठी उलाढाल, डिपॉझिट किंवा खेळात लावलेल्या रकमेवर अवलंबून असलेला मोबदला द्यायलाच मनाई आहे. म्हणजे रेव्हशेअर नाही आणि डिपॉझिटवरचा सीपीएही (प्रत्येक नव्या खेळाडूमागे ठरलेली रक्कम) नाही, फक्त जागेचं ठरलेलं भाडं. जर्मन खेळाडूंवर रेव्हशेअर देतो म्हणणारा प्रोग्रॅम स्वतःच नियम मोडतोय, हे लगेच कळतं.

ओंटारिओची बाजारपेठ ४ एप्रिल २०२२ ला उघडली. तिथे एजीसीओ हा नियामक आणि आयगेमिंग ओंटारिओ ही बाजार चालवणारी संस्था, दोघांच्या याद्या पाहा. तिथली मोठी अडचण अशी की बोनसची जाहिरात सार्वजनिकपणे करता येत नाही, ती फक्त कंपनीच्या स्वतःच्या साइटवर किंवा संमती दिलेल्या खेळाडूला थेट. त्यामुळे ‘टॉप १० वेलकम बोनस’ असा तक्ता ओंटारिओच्या वाचकाला दाखवला की कंपनी अडचणीत येते आणि ती तुमचं खातं बंद करते. त्यांच्यासाठी पान वेगळं लिहा: खेळांची निवड, पैसे काढायचा वेळ, सपोर्ट, मर्यादा घालायची साधनं. बोनसचा ब नको.

तुमच्या दुसऱ्या प्रस्तावाचा अर्ज लांबलचक आहे ना, ते चांगलं लक्षण आहे. ब्रिटनच्या परवान्यात अफिलिएटने केलेल्या चुकीला कंपनी स्वतः जबाबदार धरली जाते. २०१७ मध्ये तिथल्या जाहिरात नियामकाने बातमीसारख्या दिसणाऱ्या एका अफिलिएट जाहिरातीवरून कंपन्यांविरुद्ध निर्णय दिला. त्याच वर्षी एका मोठ्या ब्रिटिश कंपनीने आपला अफिलिएट प्रोग्रॅमच बंद केला. तेव्हापासून चांगल्या कंपन्या तुमची साइट पान न पान तपासतात. जो टेलिग्रामवर पाच मिनिटांत लिंक देतो, त्याला तुम्ही काय लिहिता याची पर्वा नाही, आणि त्याला पर्वा नाही कारण त्याला विचारणारा कोणी नाही.

रिव्ह्यूवाला_पार्ले

धन्यवाद, खूप स्पष्ट झालं. क्युरासाओबद्दल मात्र अजून विचारतो. तिथे नवीन कायदा आला आणि आता कडक झालंय असं पहिल्या प्रस्तावाचा मॅनेजर सांगतो. शिवाय कीवर्ड टूलमध्ये ‘नॉट ऑन गॅमस्टॉप’ या शब्दांवर ब्रिटनमधून भरपूर सर्च दिसतो आणि मोठ्या साइट त्यावर फारशा नाहीत. तो म्हणतो याच पानांवरून सुरुवात कर.

नियामक_आधी

मॅनेजर अर्धं खरं सांगतो. क्युरासाओत पूर्वी चार मुख्य परवाने होते आणि त्यांच्याखाली असंख्य उपपरवाने वाटले जायचे. २४ डिसेंबर २०२४ ला नवीन कायदा लागू झाला, उपपरवान्यांची ती पद्धत गेली आणि आता क्युरासाओ गेमिंग ऑथॉरिटी थेट परवाना देते. तळाशी अजून ‘८०४८/जेएझेड’ असा जुन्या धाटणीचा क्रमांक असेल तर ती साइट जुन्याच कागदावर चालली आहे, तिथेच थांबा. नवीन क्रमांक असेल तर ऑथॉरिटीच्या यादीत तपासा. पण क्रमांक खरा निघाला तरी तो ब्रिटन, ओंटारिओ किंवा जर्मनीतल्या खेळाडूसाठी काही कामाचा नाही. तुमचे वाचक नेमके तिथलेच आहेत, म्हणून तो प्रस्ताव परवान्यावरच बाद होतो. ५० टक्क्यांपर्यंत जायचीच गरज नाही.

आणि गॅमस्टॉपचं ते पान लिहू नका. हे कळकळीने सांगतोय. ते शब्द टाइप करणारा बहुतेक वेळा असा माणूस असतो ज्याने जुगाराने हैराण होऊन स्वतःला बंद करून घेतलंय, आणि एखाद्या वाईट रात्री तो परत दार शोधतोय. त्याला दार दाखवणं म्हणजे त्याच्या पगारातून, घराच्या हप्त्यातून आपलं कमिशन काढणं. मोठ्या साइट त्या शब्दांवर नाहीत कारण परवानाधारक कंपन्या असं पान सापडलं की अफिलिएटला काढून टाकतात. स्पर्धा कमी असण्याचं कारण तेवढंच आहे.

एनजीआर_हिशेब

करारावर येतो. टक्केवारी शेवटी वाचा. ती कशाची टक्केवारी आहे हे आधी वाचा.

रेव्हशेअर मिळतो तो एनजीआरवर, म्हणजे सगळी वजावट होऊन उरलेल्या निव्वळ कमाईवर, आणि एनजीआरची व्याख्या प्रत्येक करारात वेगळी असते. खेळाडू जितकं हरले तो जीजीआर. त्यातून बोनस, जुगारावरचा कर, गेम पुरवठादाराचं शुल्क, पेमेंट खर्च, चार्जबॅक (खेळाडूने बँकेमार्फत परत घेतलेले पैसे) आणि ‘अॅडमिन फी’ नावाचं एक मोघम खातं वजा होतं. ब्रिटनचं उदाहरण घ्या. तिथे ऑनलाइन कसिनोवरचा कर एप्रिल २०२६ पासून २१ वरून ४० टक्के झाला. समजा तुमच्या खेळाडूंचा महिन्याचा जीजीआर १०,००० पौंड. बोनस २,०००, अॅडमिन आणि गेम शुल्क १,५००, पेमेंट ३००. जुन्या कराने २,१०० गेले तर एनजीआर ४,१०० आणि ३० टक्क्यांनी तुमचे १,२३० पौंड. नव्या कराने ४,००० जातात, एनजीआर २,२०० उरतो, तुमच्या हातात ६६०. टक्केवारी तीच, पैसे जवळपास निम्मे. म्हणून कंपनीला लेखी विचारा: कर कुठल्या रकमेवर वजा करता, अॅडमिन फी किती टक्के आणि तिला कमाल मर्यादा आहे का. उत्तर देत नसतील तर सही करू नका.

दुसरं कलम निगेटिव्ह कॅरीओव्हर, म्हणजे उणे शिल्लक पुढे नेणं. एखाद्या खेळाडूला मोठा जॅकपॉट लागला आणि महिन्याचा एनजीआर उणे ३०,००० झाला, तर तुमचा वाटा उणे ९,००० पौंड. कॅरीओव्हर असेल तर हे उणे पुढच्या महिन्यात जातं, आणि ६६० च्या हिशेबाने ते फेडायला वर्ष सरून जाईल. ‘नो निगेटिव्ह कॅरीओव्हर’ असं स्पष्ट लिहून घ्या. ते देत नसतील तर निदान मोठा विजेता वेगळा काढण्याची सोय हवी, म्हणजे ठरावीक रकमेपेक्षा जास्त जिंकणाऱ्याचा उणे आकडा फक्त त्याच्याच पुढच्या खेळातून वसूल होईल. अनेक ब्रँड असलेल्या प्रोग्रॅममध्ये बंडलिंगही पाहा: एका ब्रँडचं उणे दुसऱ्याच्या कमाईतून कापतात का?

कोटा म्हणून एक कलम असतं: तीन महिने नवीन खेळाडू आणले नाहीत तर टक्केवारी खाली, किंवा जुने खेळाडू काढून घेणार. ‘आयुष्यभर’ या शब्दाच्या शेजारी हे कलम बसलेलं असेल तर आयुष्य तीन महिन्यांचं आहे. तसंच ‘कंपनी कधीही अटी बदलू शकते’ याला ‘जुन्या खेळाडूंना जुन्याच अटी’ अशी जोड मागा. मिळेलच असं नाही, पण मागितल्यावर समोरचा कसा वागतो त्यावरून बरंच कळतं.

सीपीए असेल तर पात्रता वाचा. किमान डिपॉझिट किती, त्यानंतर किती रकमेचा खेळ व्हायला हवा, किती दिवसांत, आणि खेळाडू नंतर गेला तर पैसे परत मागतात का. ‘२०० पौंड सीपीए’ ऐकायला छान, पण अट १०० पौंड डिपॉझिटची असेल आणि बहुतेक नवे खेळाडू १०-२० पौंडांवर थांबत असतील तर हातात काहीच पडत नाही.

पोस्टबॅक_वाला

ट्रॅकिंगबद्दल थोडक्यात. प्रोग्रॅम इनकम अॅक्सेस, नेटरेफर, मायअफिलिएट्स, सेलएक्सपर्ट यांसारख्या ओळखीच्या सॉफ्टवेअरवर चालत असेल तर बरं. स्वतः बनवलेलं पॅनल असेल तर आकड्यांची शहानिशा करणं अवघड.

फक्त कुकीवर अवलंबून राहू नका. ‘३० दिवसांची कुकी’ लिहिलेलं असतं, पण सफारीत जावास्क्रिप्टने लिहिलेली कुकी जास्तीत जास्त ७ दिवस टिकते, आणि लिंकमध्ये ट्रॅकिंगचे तुकडे जोडलेले असले तर २४ तास. ब्रिटनमध्ये आयफोन वापरणारे खूप, म्हणजे तुमचा बराच हिशेब तिथेच गळतो. सर्व्हर-ते-सर्व्हर पोस्टबॅक मागा, म्हणजे कंपनीचा सर्व्हर थेट तुमच्या सर्व्हरला कळवतो: प्रत्येक क्लिकला स्वतःचा आयडी द्या, तो लिंकमधल्या सब-आयडीच्या जागेत पाठवा, आणि नोंदणी, पहिलं डिपॉझिट, पात्रता या तिन्ही टप्प्यांना तो आयडी परत यायला हवा.

मग कापाकापी, म्हणजे कंपनीने गुपचूप कमी दाखवलेले खेळाडू, दिसते. क्लिक तेवढेच, नोंदणी तेवढीच, पण पहिलं डिपॉझिट अचानक निम्म्यावर आलं तर आधी कारण शोधा: कंपनीने केवायसी कडक केलं का, पेमेंटचा एखादा पर्याय बंद पडला का, त्या आठवड्यात लँडिंग पान बदललं का. यातलं काहीच नसेल तर क्लिक आयडींची यादी देऊन खेळाडूनिहाय अहवाल मागा. खरी कंपनी खेळाडूचं नाव न देता त्याचा क्रमांक, तारीख आणि एनजीआर देते. ‘सिस्टीममध्ये असा अहवाल निघत नाही’ हे उत्तर दुसऱ्यांदा आलं की लिंक काढा.

आणखी एक. ब्रँड पाच घेतलेत म्हणून धोका पाच ठिकाणी विभागला असं समजू नका. व्हाइट लेबल पद्धतीत एकाच परवानाधारकाच्या नावावर डझनावारी ब्रँड चालतात, परवाना थांबला की सगळे एका दिवशी बंद. तुमच्या यादीत ब्रँडच्या शेजारी परवानाधारकाचं नाव लिहा आणि मोजणी त्यावरून करा.

माझगाव_सीए

पैसे येण्याच्या बाजूने दोन-तीन गोष्टी.

बँकेत परकीय चलन आलं की बँक त्यासाठी पर्पज कोड विचारते. जाहिरात सेवेसाठी पी१००७ हा कोड आहे. बरेच जण ‘सॉफ्टवेअर सेवा’ लिहून मोकळे होतात. हे करू नका, ती चुकीची घोषणा ठरते आणि पुढे बँकेने करार मागितला की उघडी पडते. करारातलं कंपनीचं नाव, बिलावरचं नाव आणि पैसे पाठवणाऱ्याचं नाव एकच असावं. करार एका कंपनीशी आणि पैसे दर महिन्याला वेगळ्याच देशातल्या वेगळ्याच कंपनीकडून, असं असेल तर तेच मोठं लाल निशाण समजा. बँकेकडून प्रत्येक रकमेचा एफआयआरए (परदेशातून पैसे आल्याचा दाखला) घेऊन ठेवा. जीएसटीत ही सेवा निर्यात धरता येईल का, हा प्रश्न येतो. उत्तर कराराच्या शब्दांवर ठरतं, म्हणून सहीच्या आधी मसुदा दाखवा, नंतर नाही.

यूएसडीटी नकोच. मिळालेली रक्कम उत्पन्न म्हणून दाखवावी लागते, वर विकताना नफ्यावर ३० टक्के कर आणि विक्रीच्या रकमेवर १ टक्का टीडीएस. पण कराहून मोठा त्रास दुसरा आहे. पीटूपीवर, म्हणजे थेट दुसऱ्या माणसाला, विकलेल्या यूएसडीटीच्या बदल्यात खात्यात येणारे पैसे कोणाचे आहेत हे तुम्हाला कळत नाही. ते एखाद्या सायबर फसवणुकीतले निघाले आणि पीडिताने १९३० वर तक्रार केली, की पैशाचा माग काढत तुमच्या खात्यावर लिअन लागतं, म्हणजे पैसे गोठवले जातात. तक्रार कुठल्या तरी लांबच्या राज्यात, तपास अधिकारी तिथला, आणि खातं मात्र पार्ल्यातलं बंद.

रिव्ह्यूवाला_पार्ले

पहिला प्रस्ताव सोडला. शेवटचा प्रश्न: कसिनो खरोखर पैसे देतो का हे पाहायला मी स्वतः खातं उघडून थोडे पैसे टाकून पाहू का? सगळे रिव्ह्यू लिहिणारे ‘आम्ही स्वतः तपासलं’ असं म्हणतात.

कलम_आणि_पोटकलम

इथून नाही. वरच्या कायद्यात अशा व्यवहारांवरही बंदी आहे, आणि फेमाच्या २००० च्या नियमांत लॉटरी, स्वीपस्टेक्स अशा गोष्टींसाठी परदेशी पैसे पाठवायला आधीपासूनच मनाई आहे. व्हीपीएन लावून ब्रिटनचा पत्ता दिलात तर केवायसीत अडकाल, कंपनीच्या अटी मोडाल आणि अफिलिएट खातंही जाईल. स्वतः तपासलं नसेल तर ‘आम्ही तपासलं’ असं लिहूही नका.

नियामक_आधी

तपासायला दुसरे रस्ते आहेत आणि ते एका चाचणी डिपॉझिटपेक्षा जास्त सांगतात. २० पौंड कोणीही परत देतो, खरा प्रश्न ५,००० पौंड जिंकल्यावर येतो.

ब्रिटनमधल्या प्रत्येक परवानाधारकाला तक्रार निवारणाची स्वतंत्र संस्था जोडावी लागते, उदाहरणार्थ आयबीएएस किंवा ई-कोग्रा. कोणती आहे ते अटींमध्ये लिहिलेलं असतं. नसेल तर बाद. मग कसिनो गुरू आणि आस्कगॅम्बलर्सवरच्या तक्रारी वाचा, पण तारे मोजू नका. पैसे अडवल्याच्या तक्रारी वेगळ्या काढा आणि कंपनीने कुठलं कलम दाखवलं ते पाहा. ‘अनियमित खेळ’ या मोघम कलमावर एकामागून एक रकमा जप्त होत असतील तर ती कामाची पद्धतच आहे. अफिलिएटना पैसे मिळतात का, हे जीपीडब्ल्यूए या अफिलिएटांच्या संघटनेच्या फोरमवरच्या चर्चांत सापडतं.

अटींचं पान पूर्ण वाचा. महिन्याला काढता येणारी कमाल रक्कम, बोनसवर जिंकलेल्या रकमेची कमाल मर्यादा, बोनस चालू असताना एका फिरकीला लावता येणारी कमाल रक्कम, आणि निष्क्रिय खात्यावरचं शुल्क, या चार आकड्यांवरून कंपनीची नियत कळते. हेच पान वेबॅक मशीनमध्ये सहा महिन्यांपूर्वीचं उघडा आणि शेजारी ठेवा. मर्यादा गुपचूप खाली आणल्या असतील तर दिसतील.

बोनसचं गणित तुमच्या रिव्ह्यूत उघड मांडा. १०० पौंड बोनस, ३५ पट वेजरिंग म्हणजे ३,५०० पौंडांचा खेळ. ९६ टक्के परतावा असलेल्या स्लॉटवर सरासरी तोटा ४ टक्के, म्हणजे १४० पौंड. बोनस १०० चा आणि तो सोडवायला सरासरी १४० जातात. वेजरिंग डिपॉझिट आणि बोनस दोन्हीवर असेल तर दुप्पट. ब्रिटनच्या १० पट मर्यादेत हाच तोटा ४० पौंडांवर येतो. एकाच स्लॉटच्या वेगवेगळ्या परताव्याच्या आवृत्त्याही असतात, कसिनो त्यातली कुठली ठेवायची ते निवडतो. गेमच्या मदत पानावर खरा आकडा असतो. ९६ ऐवजी ९२ असेल तर खेळाडूचा सरासरी तोटा दुप्पट, आणि हे तुमच्या वाचकाला दुसरं कोणी सांगणार नाही.

लिंक लावल्यावर दर महिन्याच्या १ तारखेला नोंदवहीतली स्थिती आणि डोमेनची यादी पुन्हा पाहा, आणि स्क्रीनशॉट तारखेसह ठेवा. परवाना निलंबित झाला तर त्या दिवशी लिंक उतरवा, थकलेलं कमिशन नंतर मागता येतं.